सोलापुरात राहायला येताय? आधी पाण्याचा वार विचारा

मी मूळचा चिपळूणचा. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "तिथे पाऊस पडतो का रे?" त्याला आता पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत बदलून आलेले सहकारी, इंजिनिअरिंगला आलेले भाचे, सिव्हिलमध्ये रुग्ण घेऊन आलेले ओळखीचे, अशा कितीतरी जणांना मी तेच ते सांगत आलोय. आता ते एकदाच लिहून काढतो. क्रम माझ्या अनुभवाचा आहे. तुम्ही घर शोधायला निघाला असाल तर तिसऱ्या पायरीपासून वाचा, बाकीचं सवडीने.

पहिली पायरी : कधी यायचं ते ठरवा

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. आमच्या चिपळुणात एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. शिवाय इथला पाऊस जूनमध्ये नुसती हजेरी लावतो आणि खरा पडतो तो सप्टेंबरात, परतीचा. उंची समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे थंडावा देईल इतकी नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. घाम मात्र कोकणासारखा येत नाही. अंग कोरडंच राहतं, आणि त्यामुळेच फसायला होतं. तहान लागायच्या आत पाणी प्यायची सवय लावून घ्यावी लागते.

जागा बघायला यायचं तर मुद्दाम मेमध्ये या, असं माझं मत. जानेवारीत बघितलेली वरच्या मजल्यावरची खोली फार हवेशीर वाटते. तीच खोली मेमध्ये दुपारी तीन वाजता बघितली की निर्णय आपोआप होतो. सामान घेऊन राहायला यायचं ते मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आणि जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा सामान हलवायला टाळा. तेव्हा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, असतो आणि शहराच्या मध्यातले रस्ते मिरवणुकांसाठी बंद असतात. गड्ड्याबद्दल शेवटी सांगतो.

पोहोचणं सोपं आहे. मुंबई-चेन्नई या मुख्य रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन, मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाचं मुख्यालय. मुंबईहून रात्रभराची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे, फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत आहे, पुण्यासाठी हुतात्मा एक्स्प्रेस आहे. पुणे रस्त्याने अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या थोडं पुढे, विजापूर शंभर. नकाशावर हे अंतर एकदा नीट बघा, कारण सोलापूरचं निम्मं गुपित त्यात आहे. राज्याच्या राजधानीपेक्षा दुसऱ्या दोन राज्यांच्या सीमा या शहराला कितीतरी जवळ आहेत.

दुसरी पायरी : शहर डोक्यात बसवा

सोलापूर समजून घ्यायला मी सगळ्यांना एकच युक्ती सांगतो. मध्यभागी किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव धरा, आणि तिथून बाहेर पडणारे रस्ते गावांच्या नावांनी पाठ करा. पुणे रोड, बार्शी रोड, तुळजापूर रोड, हैदराबाद रोड, अक्कलकोट रोड, होटगी रोड, विजापूर रोड. इथे पत्ता सांगताना कोणी उपनगराचं नाव आधी घेत नाही, "विजापूर रोडला, सैफुलच्या पुढं" असंच सांगतात.

प्रत्येक रस्त्याचा स्वभाव वेगळा आहे. विजापूर रोड आणि त्याला लागून असलेलं जुळे सोलापूर म्हणजे नोकरदारांची नवी वस्ती. बंगले, फ्लॅट, शिकवण्या, दवाखाने, सगळं तिथे. बदलून येणारे बहुतेक तिथेच जागा बघतात. होटगी रोडला विमानतळ. पुणे रोडला बाळे, केगाव, विद्यापीठ. हैदराबाद रोडला बाजार समिती आणि शेळगी, त्याच्या पुढे कुंभारीकडे विडी घरकुल. अक्कलकोट रोडला एमआयडीसी आणि यंत्रमाग.

मधल्या भागात पेठा. बुधवार, मंगळवार, शुक्रवार ही वारांची नावं पुण्याच्या माणसाला ओळखीची वाटतील. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ इकडे आलात की तुम्ही 'पूर्व भागात' आहात. पूर्व भाग हा इथला खास शब्द आहे आणि तो नुसती दिशा सांगत नाही. पूर्व भाग म्हणजे तेलुगू बोलणारं सोलापूर. वेशी आता दिसत नाहीत, पण बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी रोज असतात. सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ, शिवाजी चौकातला एस.टी. स्टँड, कन्ना चौक, अशोक चौक, एवढी ठिकाणं ओळखता आली की पहिला महिना निभावतो. सिटी बस मोजक्या मार्गांवरच मिळते. खरा भरवसा शेअर रिक्षाचा आणि स्वतःच्या दुचाकीचा.

तिसरी पायरी : घर, म्हणजे पाणी

माझी पहिली खोली घेताना मालकांनी सांगितलं होतं, "पाण्याचं टेन्शनच नाही, भरपूर येतं." खोटं नव्हतं ते. भरपूरच यायचं, फक्त चार दिवसांतून एकदा, तेही रात्री दोनला. पहिला आठवडा मी शेजारच्यांच्या हौदावर काढला. शेजारी एक अक्का राहायच्या, विड्या वळायच्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दोन बादल्यांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "सर, आधी टिपाडं घ्या. कॉट नंतर."

सोलापूर शहराला स्वतःची नदी नाही. पश्चिमेला सीना आणि दक्षिणेला भीमा, दोन्ही शहराबाहेरून निघून जातात. त्यामुळे इथलं पाणी नेहमीच कोणीतरी, कधीतरी मुद्दाम साठवलेलं किंवा वाहून आणलेलं असतं. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन खणला, असं परंपरा सांगते. तुळजापूर रोडवरचा हिप्परग्याचा तलाव, म्हणजे एकरूख, इंग्रजांच्या काळात 1871 साली पुरा झाला. आज शहराची मुख्य भिस्त भीमेवरच्या उजनी धरणावर आहे. 1980 साली पुरं झालेलं हे धरण शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथून जलवाहिनीने पाणी येतं, आणि त्याशिवाय नदीत सोडलेलं पाणी औज-टाकळीच्या बंधाऱ्यात अडवून उचलतात. बंधाऱ्यात थोडं पाणी यावं म्हणून नदीच्या लांबलचक कोरड्या पात्रात त्याच्या कितीतरी पट सोडावं लागतं. वाटेत ऊस उभा असतो. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

म्हणून जागा बघताना हे प्रश्न विचारा, भाड्याच्या आकड्याच्याही आधी.

पाणी किती दिवसांआड येतं, आणि किती वाजता? हे गल्लीगणिक बदलतं आणि उन्हाळ्यात आणखी बदलतं, म्हणून कुठे वाचलेलं किंवा दुसऱ्या भागातल्या मित्राने सांगितलेलं धरू नका. मालकांना विचारा आणि मग खाली उतरून किराणा दुकानदारालाही विचारा. दोघांची उत्तरं जुळली तर पुढचं बोला.

जमिनीत हौद आहे का, केवढा, आणि तो किती बिऱ्हाडांत वाटला जातो? गच्चीवरची टाकी कितीही मोठी असली तरी हौद नसेल तर उपयोग नाही. नळाचं पाणी कमी दाबाने येतं, ते थेट वर चढत नाही.

बोअर आहे का, आणि मेमध्ये चालू असते का? "आहे" या उत्तरावर थांबू नका. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. डाळ शिजत नाही, केसांची वाट लागते. पिण्यासाठी नळाचंच भरून ठेवायचं.

टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देणार? हे करारात लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं, आणि एका उन्हाळ्यात तीन टँकरचे पैसे भरले.

वरचा मजला घेऊ नका, पत्र्याचं छप्पर तर नकोच. पश्चिमेची भिंत तापते, त्या भिंतीला पलंग लावू नका. एवढं पाळलंत की सोलापुरात घर स्वस्तही मिळतं आणि मोठंही. पुण्यात एका बेडरूमला जे भाडं पडतं त्यात इथे ऐसपैस राहता येतं. मालकांशी आणि शेजाऱ्यांशी गोड राहा. रात्री दोनला पाणी आलं की दार वाजवणारं कोणीतरी लागतंच.

चौथी पायरी : भाषा, आणि 'बे'ची भीती

पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर कोणीतरी आपल्या दोस्ताला "काय करलालास बे?" म्हणताना ऐकू येईल. दचकू नका, भांडण चाललेलं नसतं. 'बे' इथे प्रेमाने लावतात, पण बरोबरीच्यालाच. नव्या माणसाने तो लगेच उचलू नये. माझ्या एका पुणेरी सहकाऱ्याने तिसऱ्याच दिवशी शिपाईकाकांना 'बे' लावलं. ऑफिस पाच मिनिटं गप्प होतं.

या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू एकाच रांगेत ऐकू येतात. भाजीवालीशी एका भाषेत घासाघीस करणारा माणूस वळून रिक्षावाल्याशी दुसऱ्या भाषेत बोलतो आणि फोनवर तिसऱ्या. बाहेरचा माणूस हे बघून चकित होतो. इथल्या माणसाला त्यात काहीच विशेष वाटत नाही.

याचं मूळ इतिहासात आहे. सोलापूर म्हणजे सोळा गावांचं मिळून झालेलं पूर, असं सर्रास सांगितलं जातं. ऐकायला छान आहे, पण सिद्धरामेश्वरांच्या काळात या गावाला सोन्नलगी म्हणत आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. कर्नाटकातही ते 'सोन्नलगीचे सिद्धराम' म्हणूनच ओळखले जातात. पुढे बहामनींनी किल्ला बांधला. मग विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही या दोघांत सोलापूर चेंडूसारखं फिरलं. चांदबिबीच्या लग्नात ते निजामशाहीने आदिलशाहीला आंदण दिलं होतं, आणि त्यावरून पुन्हा भांडणं झाली. 1818 साली इंग्रज अधिकारी मन्रोच्या फौजेने ते पेशव्यांकडून घेतलं. सीमेवरच्या गावाला ज्या ज्या सत्तेने हात लावला तिची भाषा थोडी थोडी इथे राहून गेली. भाषावार प्रांतरचनेनंतर नेमलेल्या महाजन आयोगाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरमधली गावं कर्नाटकाला द्यावीत असंही सुचवलं होतं. ते झालं नाही. पण त्या गावांतल्या एस.टी.त बसलात तर अजूनही कन्नडच जास्त ऐकू येईल.

तेलुगू आली ती मागाबरोबर. तेलंगणातले पद्मशाली विणकर इथे कामासाठी आले, वसले, आणि पूर्व भाग उभा राहिला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा तिकडे जाऊन या. नवरात्रात बतुकम्मा या तेलुगू सणाला फुलं रचतात ती बघा. व्यवहारापुरतं सांगायचं तर दोन शब्द पुरतात, थोरल्या बाईला अक्का आणि थोरल्या पुरुषाला अण्णा. कुठल्याही भाषेच्या घरात ते चालतात.

पाचवी पायरी : शहर कशावर जगतं ते बघा

ही पायरी लोक गाळतात. मग दोन वर्षांनी तक्रार करतात की इथे "काही स्कोप नाही". स्कोप कुठे आहे आणि कुठे नाही, दोन्ही डोळ्यांनी बघा.

रेल्वे 1860 साली इथवर पोहोचली. आसपास कापूस, घरात हातमागाचं कसब. 1877 साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली, तिला लोक 'जुनी मिल' म्हणतात. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल आल्या आणि सोलापूरचं गिरणगाव झालं. त्याच सुमाराला, 1876-77 मध्ये, या भागात भीषण दुष्काळ पडला होता. शेत सोडून गिरणीच्या भोंग्यावर जगायला आलेल्यांची त्या काळात कमतरता नव्हती.

या गिरण्यांच्या कहाणीतला एक भाग फारसा सांगितला जात नाही. इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मानेच 'गुन्हेगार' असा शिक्का मारला होता, त्या पारधी, कैकाडी वगैरे लोकांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हजेरी लावायची, गिरणीत राबायचं, संध्याकाळी कुंपणात परत. तो कायदा 1952 साली रद्द झाला. त्या वस्तीचं आजचं नाव 'सेटलमेंट फ्री कॉलनी'. रिक्षावाला "सेटलमेंट" म्हणतो तेव्हा नवख्याला वाटतं की कुठली तरी सोसायटी असेल.

गिरण्या आता नाहीत. जुनी मिल साठच्या दशकात गेली, लक्ष्मी-विष्णू नव्वदीत. राहिले ते यंत्रमाग. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडला दुपारी नुसतं चालत गेलात तरी खटाखट आवाज येतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण मागांवर आज चादरीपेक्षा टॉवेल जास्त विणला जातो, आणि तो परदेशी जातो. सुताचा भाव चढला की पूर्व भागाचा चेहरा उतरतो. अलीकडे शाळेचे आणि कंपन्यांचे गणवेश शिवण्याचा धंदाही इथे जोर धरून आहे.

माग बहुतेक पुरुषांच्या हाती, आणि विडी बायकांच्या. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर ठरते. सकाळी टोपल्या घेऊन कारखान्याकडे निघालेल्या बायकांची रांग हे पूर्व भागातलं रोजचं दृश्य. अनेक घरं याच मजुरीवर उभी आहेत, हे नुसतं म्हणायला म्हणून म्हणत नाही. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीला विडी कामगार बायकांच्या मालकीची दहा हजार घरं झाली, 2006 साली त्यांचं हस्तांतर झालं. त्याच भागात असंघटित कामगारांसाठी रे नगर उभं राहिलं, जानेवारी 2024 मध्ये तिथल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. मला टिपाडं घ्यायला सांगणाऱ्या अक्का आता घरकुलात राहतात. त्यांच्या मुली विड्या वळत नाहीत, एक नर्स आहे.

शहराबाहेर निघालात की ऊस, डाळिंब, ज्वारी आणि कांदा. इतक्या कमी पावसाच्या जिल्ह्यात राज्यातले सर्वाधिक म्हणावेत इतके साखर कारखाने का, हा प्रश्न इथे आल्यावर तुम्हालाही पडेल. उत्तर उजनीच्या कालव्यांत आहे, आणि तुमच्या नळाला पाणी काही दिवसांआड का, याचं अर्धं उत्तरही तिथेच. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे. कांद्याचा बाजार हैदराबाद रोडला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तिकडून गेलात तर कांद्याच्या गाड्यांची रांग संपत नाही, आणि त्या दिवसांत ऑफिसला तो रस्ता टाळा.

नोकरीचं म्हणाल तर दवाखाने, शिक्षणसंस्था, रेल्वे, बँका, चिंचोळीची एमआयडीसी, फताटेवाडीचं एनटीपीसीचं 1320 मेगावॉटचं वीजकेंद्र. कलबुर्गी, विजापूर, धाराशिव या बाजूंचे रुग्ण इथेच येतात, त्यामुळे वैद्यकीय क्षेत्रात काम आहे. 1963 पासूनचं वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सिव्हिल हे त्याचं केंद्र. आयटीसाठी येत असाल तर स्पष्ट सांगतो, इथली इंजिनिअर मुलंच रविवारी संध्याकाळी पुण्याला निघतात. त्या गाडीला आरक्षणाशिवाय उभं राहायलाही जागा मिळत नाही.

विमानाची गोष्ट तर चिमणीपाशी अडली होती. विमानतळ जुना, पण उड्डाणाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी. वर्षानुवर्षं वाद, कोर्ट, मोर्चे. जून 2023 मध्ये ती पाडली. कारखान्याच्या सभासदांना आजही तो विषय काढलेला आवडत नाही, म्हणून ओळख होईपर्यंत या विषयावर मत देऊ नका. 2025 साली गोव्याला विमान सुरू झालं. कोकणातल्या माणसाला सोलापूरहून समुद्राकडे उडत जायचं सुख काय असतं, ते मीच जाणे.

सहावी पायरी : एक सकाळ चालत

एक रविवार राखून ठेवा आणि सहा वाजता निघा, उन्हाच्या आधी. भुईकोट किल्ल्यात शिरा. तटावरून सिद्धेश्वर तलाव आणि मधलं मंदिर दिसतं, आणि या शहराने आधी पाण्याची सोय केली आणि मग बाकी सगळं केलं, हे नजरेनेच कळतं. मंदिरात जाऊन या. तिथून जुन्या महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीकडे. आप्पासाहेब वारद या धनिकाने स्वतःसाठी बांधलेला हा वाडा. दर्शनी भागावरचं काम थांबून बघण्यासारखं आहे.

मग चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबा. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्या बंद पडल्या. आठ तारखेला रूपाभवानी मंदिराकडे शिंदीची झाडं तोडायला निघालेल्या जमावावर गोळीबार झाला. त्यानंतर तीनेक दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य चाललंच नाही. मग लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. चौघांची नावं एकदा मोठ्याने वाचा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. पुण्याच्या गाडीचं नाव 'हुतात्मा' का, ते इथे कळतं. वेळ उरला तर भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. 1910 साली इथे जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि 1942 मध्ये तिथेच वारला. चिनी पाहुणे अजूनही इथे येऊन जातात.

सातवी पायरी : काय खायचं, काय घ्यायचं

कडक भाकरी आधी बघितली तेव्हा ती पापडाची मोठी बहीण वाटली. ज्वारीची पातळ भाकरी वाळवून कडक करतात, ती आठवडेच्या आठवडे टिकते. कुस्करून आमटीत किंवा दह्यात, नाहीतर शेंगाचटणी आणि तेलाबरोबर. शेंगाचटणी मिक्सरची घेऊ नका. कुटलेली घ्या, बोटात दाबली की तेल सुटलं पाहिजे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, बस. आमच्या चिपळूणच्या घरी आता ओल्या खोबऱ्याच्या चटणीशेजारी शेंगाचटणीची बरणी असते, आईला तिच्याशिवाय जमत नाही.

ज्वारी मालदांडी मागा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं हे वाण, मंगळवेढ्याची काळी जमीन त्याला मानवते. डिसेंबर-जानेवारीत कोणी हुरड्याला बोलावलं तर रजा टाका पण जा. संध्याकाळी पार्क चौपाटीवर चक्कर मारा.

चादर घेताना रस्त्याकडेला पडणारा भाव बघून भुलू नका. पानिपतकडून येणाऱ्या नकला 'सोलापुरी' म्हणून सोलापुरातच विकल्या जातात. खरी चादर हातात जड लागते, नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. शंका आली तर कडेचा एक धागा काढून जाळा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि राख, वितळून मणी झाला तर परत ठेवा. दुकानदार रागावला तर तेही उत्तरच आहे. पहिली धुलाई वेगळी आणि थंड पाण्यात.

शेवटी गड्डा

मकरसंक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा भरते. होम मैदानावरच्या जत्रेला गड्डा म्हणतात. 13 जानेवारीला सात नंदीध्वज शहरातल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. नंदीध्वज म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, कमरेच्या पट्ट्यावर तोलून धरायच्या. धरणारे पांढऱ्या बाराबंदीत. 14 तारखेला तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला, आणि या संन्याशाने आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, त्याची ही आठवण. 15 तारखेला होम.

अक्षतांच्या दिवशी दुपारी बाराच्या आत गाडी घरी ठेवून चालत निघा. पाण्याची बाटली घ्या, लहान मुलांच्या खिशात तुमचा फोन नंबर ठेवा. गर्दीत पुढे घुसायचा प्रयत्न करू नका, तटाच्या बाजूने उभे राहा, तिथून काठ्या जास्त चांगल्या दिसतात. "एकदा भक्तलिंग हर्र" असा आवाज आला की "बोला हर्र" म्हणायचं. पहिल्या वर्षी मी गप्प उभा होतो. शेजारच्या अण्णांनी कोपर मारलं आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. शब्द कळले नाहीत. मी ओरडलो.